प्रमिलाताईने टाकलेला उजेड

प्रमिलाताई बिऱ्हाडे कुणाशी बोलताना त्याच्या डोळ्यांकडे बघायची नाही. आधी नाकाच्या शेंड्याकडे बघायची, मग गालफडांकडे, मग कपाळाकडे. नवीन माणूस बावरायचा, तोंडाला काही लागलंय की काय म्हणून रुमाल काढायचा. तिच्या ते गावीही नसायचं. समोरच्याच्या तोंडावर उजेड कुठे बसतो ते ती बघत असायची. धंद्याची सवय. लग्नाच्या पंगतीत, भाजीवालीपाशी, एवढंच काय, माझे वडील वारले तेव्हा त्यांच्या उशाशी बसूनसुद्धा तिची नजर तशीच फिरताना मी पाहिली. मला फार राग आला होता. दिवस-कार्य झाल्यावर तीच मला बाजूला घेऊन म्हणाली, "सुनंदे, तुझ्या वडलांचं कपाळ किती रुंद होतं व. जिवंतपणी कधी ध्यानात आलं नाही." माझ्याही आलं नव्हतं.

आम्ही दोघी सुरतजवळच्या उधन्याच्या एकाच गल्लीतल्या, ती माझ्याहून बरीच मोठी. तिचे वडील अमळनेरकडून रेल्वेच्या कामाला आले आणि इथेच राहिले, माझे लूमवर. गल्लीत सगळी आपलीच माणसं, घरात अहिराणी, नळावर मराठी, दुकानात गुजराती. पुढे नोकरीलाही आम्ही एकाच जागी लागलो. रिंग रोडवरच्या एका कापड मार्केटच्या वरच्या मजल्यावर जयंतीशेठचं ऑफिस होतं. साड्यांचे कॅटलॉग बनवायचं काम. नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि मार्केटात नुकतेच कॉम्प्युटर शिरले होते. फोटोग्राफर मॉडेल मुलींचे साड्या नेसवून फोटो काढून आणायचा, ते स्कॅन होऊन पडद्यावर यायचे. मी प्रत्येक साडीखाली तिचं नाव आणि नंबर टाइप करायची. आणि प्रमिलाताई साडीला चमक द्यायची.

म्हणजे काय करायची, तर फोटोतला जरीचा काठ माउसने रेघ ओढत ओढत वेगळा काढायची. त्याची दुसरी प्रत करून मूळ काठावर बरोबर बसवायची. मग ही वरची प्रत धूसर करायची आणि उजळवायची. खालचा काठ स्पष्टच राहायचा, पण त्याच्याभोवती उजेडाची साय धरायची. चार पैशांच्या साडीचा काठ असा दिसायचा की जणू आतून दिवा लावलाय. सगळ्या काठाला ती ते करायची नाही. पदराची घडी जिथे वळते तिथे, खांद्यावर, निरीच्या एखाद्या कडेला. बाकीचं तसंच सोडून द्यायची.

आधी ती उधना स्टेशनजवळच्या एका फोटो स्टुडिओत ब्रशने फोटो साफ करायला होती. त्यामुळे हात तयार होता, फक्त ब्रशच्या जागी माउस आला. त्याला ती शेवटपर्यंत उंदीर म्हणाली. "हा उंदीर अडतोय, दुसरा द्या," असं ती ओरडली की नवीन आलेले व्यापारी पाय वर घ्यायचे.

जयंतीशेठ मागून जाता-येता एकच वाक्य म्हणायचे, "प्रमिलाबेन, थोडी चमक नाखो ने!"

"शेठ, ही साडी पंख्याखाली धरली तर विरून जाईल, आणि तुम्हाला चमक पाहिजे."

"साडी तो जे छे ए छे, फोटो सारो जोइए." साडी कशी का असेना, फोटो चांगला पाहिजे. शेठ हसत निघून जायचे.

"सुरतेत खरी जर मिळते तशी खोटीपण मिळते," प्रमिलाताई मला सांगायची. "खोटी जास्त चमकते. पहिल्या धुण्यापर्यंत." ती स्वतः धुळ्याहून आणलेली सुती लुगडी नेसायची, बिनकाठाची. खुर्चीवर मांडी घालून बसायची. डब्यात भाकरी आणि ठेचा, आणि ठेचा इतका जहाल की अख्ख्या ऑफिसला ठसका लागायचा. तोंडही तसंच होतं. तिच्याशी कुणी गोड बोलायला लागलं की म्हणायची, "काम सांग, साखर राहू दे."

लग्नाच्या फोटोंचं सुरू झालं ते आमच्या गल्लीतल्या लीलाबाईंमुळे. त्यांची रेखा उंचपुरी, हसरी, कामाला वाघीण, पण रंगाने काळी. स्थळांकडे फोटो जायचा आणि परत यायचा. एके सकाळी लीलाबाई फोटो घेऊन प्रमिलाताईच्या ओट्यावर येऊन बसल्या. "मनी आंडेरले जराशी चमक दी दे ना व बहीन. तू साड्यास्ले देस ना, तशी." माझ्या पोरीला जराशी चमक दे, म्हणत होत्या.

प्रमिलाताईने फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मग रेखालाच हाक मारली, तिची हनुवटी धरून तोंड दाराकडे वळवलं, परत आत वळवलं. "फोटो काढणारा गाढव आहे," म्हणाली. "समोरून लाईट मारला आणि पोरीचं नाक-डोळे खाऊन टाकले."

शेठची परवानगी घेऊन तिने जेवणाच्या सुट्टीत तो फोटो केला. मी शेजारीच होते. तिने रेखाचा रंग बदलला नाही. डाव्या गालावर, भुवईच्या वरच्या हाडावर, खालच्या ओठाच्या मधोमध, असा कुठेकुठे उजेड ठेवला. रेखा काळीच राहिली, पण खिडकीतून ऊन आलेल्या घरातल्यासारखी दिसायला लागली. त्या फोटोवर रेखाचं जमलं. नवरा पाहायला आला तेव्हा तोही खूश झाला, कारण रेखा तशी दिसायचीच, कुणी नीट पाहिलं तर.

मग काय, रांग लागली. उधन्यातल्या पोरींच्या आया संध्याकाळी प्रमिलाताईच्या ओट्यावर. ती सगळ्यांना एकच सांगायची, "मी पोरीला गोरी करत नाही. तिच्या तोंडावर जिथे उजेड पडायला पाहिजे होता आणि पडला नाही, तिथे टाकते." आयांना हे कळायचं नाही. त्यांना गोरीच पाहिजे असायची. एक बाई फारच मागे लागली, अजून पांढरी कर, अजून कर. प्रमिलाताईने फोटो तिच्या पिशवीत परत टाकला. "पलसाण्याला जा. तिथे तागेच्या तागे रंगवून देतात. पोरीलापण बुडवतील एकदा." ती बाई आमच्या गल्लीतून पुन्हा कधी गेली नाही.

हे सगळं ती का करते, असं मी एकदा विचारलं. घरी येताना आम्ही रिक्षात मागे बसलो होतो. तिने सरळ सांगितलं. ती विशीत असताना तिला पाहायला मंडळी आली होती. आधी फोटो गेला होता. त्या काळचा फ्लॅशचा फोटो, त्यात ती बरीच उजळ आली होती. मंडळींनी पोहे खाल्ले, नाव विचारलं, शिक्षण विचारलं. मग मुलाची मावशी उठली, पदराचं टोक जिभेला लावून ओलं केलं आणि प्रमिलाताईच्या गालावर घासलं. पावडर निघते का ते बघायला.

"मग?"

"मग काय! निघाली नाही. लावलीच नव्हती." ती हसली. "मावशीबाई म्हणाल्या, पोर प्रामाणिक आहे, पण आम्हाला जमणार नाही."

त्यानंतर तिने कुणाला पाहायला येऊ दिलं नाही. थोड्याच वर्षांत भावजय वारली आणि तिची लहान मुलगी, संगीता, प्रमिलाताईच्या पदरात आली. भाऊ असून नसल्यासारखा. डाइंगच्या कामावरून यायचा, जेवायचा, झोपायचा. संगीताची वेणी-फणी, शाळा, आजारपण सगळं आत्याने केलं. संगीता आत्याच्याच वळणावर गेली होती, तोच रंग, तेच रुंद जबड्याचं तोंड. फक्त आत्याची जीभ तिने घेतली नव्हती. ती हसून वेळ निभवायची. बी. कॉम. झाली, गुजराती तर अशी बोलायची की दुकानदार तिला आपल्यातलीच समजायचे. आणि आत्याचा तिला कोण अभिमान! शाळेतल्या मैत्रिणींना ऑफिसात घेऊन यायची, "बघा, माझी आत्या उजेड बनवते."

संगीताच्या लग्नाचं निघालं तेव्हा प्रमिलाताई अडून बसली. "संगीचा फोटो साधा जाईल. मी हात लावणार नाही." साधा फोटो गेला आणि परत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. एका ठिकाणाहून निरोपसुद्धा आला नाही. शेवटी भावाला कधी नव्हे ते तोंड फुटलं. ओट्यावर उभा राहून, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "लोकांच्या पोरी तुझ्या हाताने उजवल्यास. घरचीच पोर तेवढी अंधारात ठेवायची का तुला? का म्हातारपणी तुझी सोबत म्हणून ठेवून घेतेस?"

हा शेवटचा बोल तिला लागला.  मग रविवारी तिने शेठकडून ऑफिसची किल्ली घेतली आणि संगीताला सोबत नेलं. माझे काही नंबर टाकायचे राहिले होते म्हणून मीही गेले. तिने संगीताला खिडकीपाशी खुर्चीवर बसवलं आणि पडद्यावर तिचा फोटो उघडला. दुपारभर ते चाललं. ती संगीताकडे बघायची, मग पडद्याकडे. गालावर उजेड टाकायची, पुन्हा संगीताकडे बघायची. मान वाकडी करून, डोळे बारीक करून. संगीता आधी हसत होती, मग खाली मार्केटात बघत राहिली. "हलू नको गं," प्रमिलाताई म्हणायची.

इतकं सुंदर काम तिने आधी कधी केलं नव्हतं. साड्यांवरही नाही. आणि ह्या वेळी ती थांबली नाही. इतर मुलींना दोन-तीन ठिकाणी उजेड दिला की ती हात काढून घ्यायची. संगीताच्या बाबतीत तिचा हात निघेचना. डोळ्यांत दिला, नाकाच्या दांडीवर दिला, वेणीच्या कडेला दिला, जबडा सावलीत ढकलून अरुंद केला. पाच वाजता पडद्यावर एक मुलगी होती, जिच्याकडे बघत राहावंसं वाटे. संगीता उठून मागे येऊन उभी राहिली.

"आत्या, ही कोण?"

"तूच व बाई. दुसरं कोण?"



भुसावळकडचं स्थळ होतं. अनिल नावाचा मुलगा लांब नोकरीला. रजा नाही म्हणून पाहायला आला नाही. आई, वडील आणि काका आले. त्यांनी संगीताला नीट पाहिलं, तिच्याशी बोलले, तिच्या हातचं जेवले. त्यांना शिकलेली आणि घर धरून राहणारी सून हवी होती, ती मिळाली. जाताना मुलाच्या आईने फोटो मागून घेतला. तो तिने मुलाला पाठवला. मुलगा फोटो बघून हो म्हणाला.

लग्न उधन्याच्या बुद्धविहारात झालं. अनिलला मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. सरळ चेहऱ्याचा, लाजाळू पोरगा. संगीता पांढरी साडी नेसून आली, त्याच्या शेजारी उभी राहिली. त्याने तिच्याकडे पाहिलं. आणि मग तिच्या मागे उभ्या असलेल्या मैत्रिणींकडे पाहिलं, एकेकीकडे, जणू आपली नवरी मागे राहिली असावी. वंदना सुरू झाली तेव्हा त्याने मान खाली घातली. प्रमिलाताई माझ्या शेजारीच होती. तिनेही ते पाहिलं होतं. 

संगीता सुरुवातीला सणावाराला आली, बारीक होऊन. विचारलं तर हसायची. मग तिकडून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून कळायला लागलं. अनिलने तो फोटो मोठा करून, काच लावून, पुढच्या खोलीत टांगला होता. तो रजेवर असताना पाहुणे आले की फोटोकडे बोट दाखवायचा, "ही माझी बायको." तेवढ्यात संगीता पाणी घेऊन बाहेर यायची. "आणि ही?" कुणीतरी विचारायचं. "ही घरात असते." मारहाण नाही, शिवीगाळ नाही. एवढंच.

भाऊ जायला तयार होईना, लाजेने म्हणा की भीतीने. प्रमिलाताई मला घेऊन भुसावळला गेली.  

पुढच्या खोलीत शिरताच तो फोटो दिसला. अनिल रजेवर आला होता. त्याने आम्हाला बसायला सांगितलं, पाणी आणायला सांगितलं. आवाज चढवला नाही.

"आत्याबाई, हा फोटो तुम्ही बनवला ना?"

"हो."

"लग्न ठरल्यापासून हा माझ्या पाकिटात होता. कामावरच्या पोरांना दाखवला. बदली जवळ मिळावी म्हणून साहेबांच्या पाया पडलो, तेव्हासुद्धा खिशात हाच. मला एवढंच सांगा, ही कुठे आहे?"

"हीच ती. नीट बघितलं तर दिसते," प्रमिलाताई म्हणाली. तिचा आवाज मी कधी इतका बारीक ऐकला नव्हता.

"घरी असलो की रोज बघतो. नाही दिसत." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्याचा संताप यायला हवा होता, आला नाही. "तुम्ही मला तिचा खरा फोटो पाठवला असता तर कदाचित मी हो म्हणालो असतो. आता ते कसं कळणार?"

आतून त्याच्या आईचा आवाज आला, "आम्ही पोरगी बघूनच केली होती हो. आमचं काही म्हणणं नाही."

प्रमिलाताई उठली आणि फोटोखाली जाऊन उभी राहिली. "तो फोटो मला दे. मी घेऊन जाते. मग सगळं नीट होईल."

"फोटो माझा आहे," अनिल म्हणाला. "तिला घेऊन जा."

संगीता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती आत गेली आणि बॅग घेऊन बाहेर आली. बॅग आधीच भरलेली होती. किती दिवसांपासून, कोण जाणे. परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. प्रमिलाताईने नंदुरबारला केळी घेतली, एक सोलून तिच्यापुढे धरलं. संगीताने ते घेतलं नाही. प्रमिलाताई सोललेलं केळं हातात धरून बसली, काळं पडेपर्यंत.

मला वाटलं होतं, आता गल्लीतल्या आया तिचं तोंड बघणार नाहीत. उलटंच झालं. त्या येतच राहिल्या. "संगीताचं नशीब फुटकं, त्याला तू काय करणार? आमच्या पोरीला चमक दे." प्रमिलाताई दार लावून घ्यायला लागली. मग त्या तिला शिष्ट म्हणायला लागल्या आणि बाजारातल्या नव्या स्टुडिओत जायला लागल्या. तिथला पोरगा सगळ्या मुलींना एकसारखं मैद्याचं तोंड करून द्यायचा. सगळ्या खूश.

ऑफिसातही हितेश नावाचा एक मुलगा कॉम्प्युटरचा क्लास करून आला. त्याच्याकडे असलं काहीतरी होतं की एक बटण दाबलं की काठ, पदर, निऱ्या, मॉडेलचे दात, मागची भिंत, सगळंच चकाकायचं. प्रमिलाताई शेठला म्हणाली, "सगळंच चमकलं तर बघणाऱ्याने बघायचं काय?"

"बेन, लोकोने आवुंज गमे छे," शेठ म्हणाले. लोकांना असंच आवडतं. ते खरंच होतं. कॅटलॉग धडाधड खपत होते. हळूहळू तिच्याकडे फोटो येणं बंद झालं. महिनाभर ती नुसती खुर्चीवर मांडी घालून बसून राहिली, आणि एक दिवस डबा घेऊन गेली ती परत आली नाही. शेठनी बोलावणं पाठवलं नाही.

पुढे माझं लग्न झालं, मी नाशिकला आले. एकदा माहेरपणाला गेले तेव्हा मुद्दाम तिच्याकडे गेले. तिचा भाऊ तोवर वारला होता. आत्या आणि भाची दोघीच. ओट्यावर एक साडी पसरलेली, एका टोकाला प्रमिलाताई, दुसऱ्या टोकाला संगीता, आणि दोघी साडीवर चकाकते खडे चिकटवत होत्या. मार्केटातून घरी करायला आणलेलं काम. प्रमिलाताईचे केस पांढरे झाले होते. तिने वर पाहिलं, माझ्या नाकाकडे, गालाकडे पाहिलं, आणि पटकन नजर खाली घेतली. तिने असं करताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"बस व सुनंदे. संगी, चहा कर."

संगीता माझ्याकडे बघून म्हणाली, "त्यांना सांग, दूध संपलंय. मी घेऊन येते."

"तिला सांग, कोरा कर," प्रमिलाताई म्हणाली.

मला आधी कळेचना. मग लक्षात आलं की ह्या घरात असंच बोलतात. तिसरं कुणी नसेल तेव्हा बोलतच नसतील. चहा झाला, खडे चिकटवणं चालूच राहिलं. प्रमिलाताईने माझ्या मुलाची चौकशी केली, नाशिकच्या थंडीची केली. तिच्या बोलण्यात ठेच्यासारखं काही उरलं नव्हतं. मी उठले तेव्हा म्हणाली, "येत जा."

संगीता मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आली. मी तिला म्हटलं, "किती दिवस धरून बसशील? तिने तुझ्या भल्यासाठीच केलं. तो फोटो नसता तर..."

"फोटोचं मला काही नाही," ती म्हणाली. "फोटो तर सगळ्यांनीच करून घेतले. अनिलचंपण मला काही नाही, त्याने मला लग्नाआधी पाहिलं नव्हतं." ती थांबली. "त्या दुपारी तू होतीस ना ऑफिसात? तिने मला समोर बसवलं होतं. एकेका ठिकाणी उजेड टाकायची आणि माझ्याकडे बघायची. इथे टाकायची, बघायची. तिथे टाकायची, बघायची. लहानपणापासून मला वाटायचं, निदान एका माणसाला तरी मी बरी दिसते. त्या दुपारी मला कळलं, तिला माझ्यात कुठे कुठे काय कमी दिसतं ते. एक जागा तिने सोडली नाही."

 रिक्षा आली. बसताना मी मागे वळून पाहिलं. प्रमिलाताई ओट्यावर उभी राहून साडी झटकत होती. नीट न चिकटलेले खडे खाली पडत होते, आणि ती ओणवी होऊन ते एकेक वेचत होती. संगीता परत गेली, स्वतःच्या साडीचा सोगा वर धरून तिच्या बाजूने आत शिरली. दोघींपैकी कुणीच मान वर केली नाही.